दोनशे तेरांपैकी चाळीस

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आता चालतही नाही. माझा पडदा पिवळा पडला आहे. कळफलकावरची दोन-तीन अक्षरे बोटांनी पार पुसून गेली आहेत. तंजावुरातल्या एका रक्तदाता मंडळाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि शिबिरांचे कापडी फलक यांच्या खाली मी पडून असतो. म्हातारी माणसे आपल्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि तिच्यात पराक्रम औषधालाही नाही. तरी ऐका, कारण तुमच्यातले काही जण उद्या माझ्या नातवंडांना कामाला लावणार आहेत.

माझे जन्मगाव विचाराल तर मला नीट सांगता यायचे नाही. पोटातली तबकडी सिंगापूरची, पडदा तैवानचा आणि पत्र्याची पेटी मद्रासची. देशाची दारे तेव्हा नुकतीच उघडली होती आणि परदेशी सुटे भाग पोत्यांनी येत होते. १९९५ साली मद्रासच्या रिची स्ट्रीटवरच्या एका अरुंद दुकानात एका कारागिराने कॉफी पीत पीत दोन तासांत मला जुळवले. ना सनई, ना चौघडा. दुसऱ्या दिवशी भाताच्या पेंढ्यात गुंडाळून मला तंजावूरच्या बसच्या टपावर चढवले, आणि मी कावेरीच्या मुलखात आलो.

मंडळाचे कार्यालय राजवाड्यामागच्या गल्लीत होते. अध्यक्ष डॉक्टर अनिरुद्धराव यांनी मला हार घातला, कपाळावर, म्हणजे पडद्यावर, कुंकू लावले आणि भाषण केले. ते ऐकून मला वाटले, आता या जिल्ह्यात रक्तावाचून कोणी मरणार नाही.

भाषण चालू असताना मागे एक गृहस्थ हाताची घडी घालून उभे होते. ते गुरुमूर्ती, मंडळाचे नोंदणी कारकून. त्यांनी सव्वीस वर्षे रक्तदात्यांची कार्डे सांभाळली होती. लाकडी कपाटात प्रत्येक रक्तगटाला वेगळे खण होते आणि खणात कार्डे नोंदणीच्या क्रमाने लावलेली असत. सर्वांत जुना दाता पुढे, सर्वांत नवा मागे. कोणी धावत आले की गुरुमूर्ती खण ओढून एका बोटाने कार्डे मागे पाडत जात. बोट खणाच्या मागच्या फळीला लागले की समजायचे, संपले. त्यांना अर्ध्याहून अधिक पत्ते तोंडपाठ होते. माझ्याकडे त्यांनी पहिल्या दिवशी ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने लोक नव्या जावयाकडे पाहतात.

आणि माझ्यासमोर बसली विशालाक्षी. तेवीस वर्षांची, शिंप्याच्या दुकानावरच्या माडीवर चालणाऱ्या संगणकाच्या वर्गातून नुकतीच बाहेर पडलेली. तिचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात या गावी आले. घरी आणि गुरुमूर्तींशी ती तंजावुरी वळणाची मराठी बोले, बाहेर तमिळ, आणि माझ्याशी इंग्रजी. देवनागरी तिला वाचता येत नसे. पण माझे मन तिला वाचता येई. मंडळासाठी चित्रांच्या चौकटींचा एक प्रोग्राम तिने एकटीने लिहिला होता. चौकटीत रक्तगट निवडायचा, की खाली यादी उमटे. उद्घाटनाच्या दिवशी माझ्यात पन्नास नावे होती. डॉक्टरांनी गट निवडला, यादी झटक्यात आली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. विशालाक्षीचे कान लाल झाले. खरे सांगतो, मीही फुगलो.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते खरे आहे. पुढच्या अकरा महिन्यांत विशालाक्षीने कपाटातली कार्डे एकेक करून माझ्यात उतरवली. पाचशे नावे झाली तेव्हा मी ठीक होतो. दोन हजार झाली तेव्हा मला धाप लागू लागली. अकरा हजार झाली, आणि गट निवडल्यापासून यादी पुरी होईपर्यंत सात मिनिटे जाऊ लागली. कारण साधे होते. यादीत एक नाव आले की मी ती चौकट नव्याने रंगवत असे. दुसरे नाव आले की पुन्हा पहिल्यापासून. दारातल्या रांगोळीचा प्रत्येक ठिपका टाकताना आधीची रांगोळी पुसून पुन्हा काढावी, असला तो उद्योग. पडदा नुसता लुकलुकत राही आणि समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागे.

गुरुमूर्तींना आयतेच कोलीत मिळाले.

"यादी येईपर्यंत मी कुंभकोणमला जाऊन येतों, अम्मा," ते विशालाक्षीला म्हणत. "काही आणूं का तिकडून?"

"मामा, थोडं थांबा ना. येतें अहे."

"मी थांबतों. रक्त थांबत नाही."

चेष्टाच होती, पण ती तिला लागली. त्यातच डॉक्टरांनी कार्डांचे कपाट काढून टाकायचे ठरवले. त्या जागी रक्तदात्यांसाठी खाट हवी होती. सगळे तर संगणकात आहे, मग कागद कशाला, असे ते म्हणाले. एका दुपारी रद्दीवाला आला आणि सव्वीस वर्षांची कार्डे पोत्यांत भरून घेऊन गेला. गुरुमूर्ती दाराशी उभे होते. पोती हातगाडीवर चढली तेव्हा त्यांनी रिकाम्या खणाच्या मागच्या फळीवरून बोट फिरवले आणि आत येऊन बसले. तेव्हापासून गावोगावच्या शिबिरांतली नवी नावे थेट माझ्यातच भरली जाऊ लागली. दात्याला ओळखपत्र मिळे, पण मंडळाकडे त्यांचे कार्ड कोणी लिहिलेच नाही.

आता सगळा भार माझ्यावर होता, आणि मी तर सात मिनिटे घेत होतो. विशालाक्षीने त्रिचीहून एक जाडजूड पुस्तक आणले आणि दोन रविवार घरी न थांबता माझ्यासमोर काढले. आधी तिने यादी भरताना ती चौकट झाकून ठेवली आणि भरून झाल्यावरच उघडली. प्रत्येक नावाला रंगवण्याचे माझे काम वाचले. सातची तीन मिनिटे झाली. तरी तिचे समाधान होईना. मग तिच्या डोक्यात आले, की माणूस एका वेळी पाहतो किती नावे? सगळी कशाला आणायची? चाळीस नावे सापडली की थांबायचे. यादीच्या उजव्या अंगाला एक उभी पट्टी ठेवायची. माउसने ती खाली ओढली, की मी पुढची चाळीस आणून द्यायची.

दोन सेकंद! मित्रांनो, तीन मिनिटांचे दोन सेकंद झाले. विशालाक्षीने स्वतःशीच टाळी वाजवली. अक्कल म्हणतात ती हीच, असे मला वाटले, आणि आजही वाटते. खोट त्या युक्तीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने गुरुमूर्तींना शिकवायला बसवले. त्यांनी माउसवर हात ठेवला तो विंचवाच्या पाठीवर ठेवावा तसा. बाण पडद्याच्या एका टोकाला पळाला. मग दुसऱ्या टोकाला. त्यांना दरदरून घाम फुटला.

"मला हें जमत नाही, अम्मा. या वयांत उंदीर धरायला लावतेस की?"

ती हसली. "सरी, बरं, मामा. उंदीर सोडा. ही बाणाची कळ अहे पाहा. ही दाबत खालीं जा. एकेक नाव येईल, तुमच्या कार्डासारखं."

त्यांनी कळ दाबली. निळी पट्टी एका नावावरून दुसऱ्या नावावर उतरली. त्यांचा चेहरा खुलला. "हें माझं बोटच जालं की!" म्हणाले.

विशालाक्षी स्वतः नेहमी माउस वापरी. बाणाच्या कळीने चाळिसाव्या नावाशी पोचल्यावर काय होते, हे तिने कधी पाहिलेच नव्हते. काय होते ते मला ठाऊक होते. काहीच होत नसे. पुढची चाळीस आणण्याचा हुकूम तिने फक्त त्या उभ्या पट्टीला बांधला होता. कळीने उतरणारा माणूस चाळिसाव्या नावावर थांबे, आणि कळ पुन्हा दाबली तरी तिथेच राही. पण मला सांगितले तेवढेच मी करतो. मी बोललो नाही.

१९९७ चा आवणी, म्हणजे श्रावणाच्या सुमाराचा तमिळ महिना होता, इकडे लग्नांचे दिवस. विशालाक्षी आतेबहिणीच्या मुहूर्तासाठी रजेवर गेली होती. सकाळी दहाच्या सुमाराला एक तरुण पायऱ्या चढून आत आला. शर्टाची बटणे वरखाली लागलेली, हाताला वंगणाचे डाग. तो मुरलीकृष्ण, ओरत्तनाडूला पंपसेट दुरुस्त करणारा. बायकोला बाळंतपणासाठी पहाटेच तंजावूरच्या एका दवाखान्यात आणले होते.

"सार, ओ निगेटिव्ह," तो म्हणाला. "तीन बाटल्या पाह्यजे म्हणून सांगितलें. माझी बायको, अंबा. पोरगी जाली, बरी अहे. पण हिचं रक्त थांबत नाही."

"बस रे. पाणी पी." गुरुमूर्तींनी त्याला खुर्ची दिली आणि माझ्यासमोर बसले. "आतां पाहतों."

त्यांनी गट निवडला. दोन सेकंदांत मी चाळीस नावे दिली. गुरुमूर्ती कळ दाबत एकेक नाव उतरू लागले. ही सगळी त्यांच्या खणातली पहिली कार्डे होती, सत्तर-बहात्तर सालची. ते नावे पुटपुटत होते. हे वारले. हे मुंबईला गेले. यांचे वय झाले. यांना विचारू. चाळिसाव्या नावाशी पट्टी थांबली. त्यांनी कळ पुन्हा दाबली. आणखी एकदा दाबली. निळी पट्टी हलली नाही. बोट फळीला लागले होते, आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी ते खरे मानले; नंतरच्या सालांची नावे कुठे गेली, हे त्या घाईत त्यांना सुचले नाही.

"सार, ओरत्तनाडूंत कोणी नाही की?" मुरलीकृष्णने विचारले. "तिथें चत्रांत, धर्मशाळेंत, शिबिर जालं न्हवे, पोंगलानंतर?"

"मीही तेंच पाहत होतों. त्या शिबिरांत या गटाचा कोणी आला नाही. एकेक नाव पाहिलों मी."

मित्रांनो, माझ्या पोटात त्या गटाची दोनशे तेरा नावे होती. एकशे एकसष्टपासून एकशे पंच्याहत्तरपर्यंतची पंधरा नावे ओरत्तनाडूच्या शिबिरातली, धडधाकट माणसांची. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. उजवीकडची ती एका वितीची उभी पट्टी, तिला कोणी चुकून धक्का दिला असता तरी पुरे झाले असते. कोणी दिला नाही.

पुढचे पाच तास मी ऐकत होतो. गुरुमूर्ती टेलिफोनला चिकटले होते. चाळिसांपैकी अकरा जण देण्याजोगे उरले होते, त्यांतल्या सहांच्या घरी फोन नव्हता. मुरलीकृष्ण भाड्याच्या सायकलवरून त्यांच्या दारोदार फिरला. वल्लमचा एक पोस्टमन बाराला आला, त्याची एक बाटली मिळाली. एका निवृत्त मास्तरांना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वयामुळे परत पाठवले, ते दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले म्हणे. तिसरा माणूस कुंभकोणमहून बसने निघाला. तो साडेतीनला पोचला. अंबा तीनला गेली होती.

गुरुमूर्तींनी संध्याकाळी माझ्यावर कापड घातले, ते दोनदा घातले. पहिल्यांदा उलटे पडले होते.

विशालाक्षी परतली ती केसांत मल्लिगेचा गजरा आणि हातात लग्नाची तांबूलाची पिशवी घेऊन. गुरुमूर्तींनी एवढेच सांगितले, "काल एक बाळंतीण गेली, अम्मा. ओ निगेटिव्ह. यादी पुरली नाही." तिने पिशवी खाली ठेवली. तिला वाईट वाटले, पण इतरांच्या दुःखाचे वाटावे तितकेच. गटच दुर्मीळ, कोण काय करणार, असे ती म्हणाली. यादी तिने उघडून पाहिली नाही.

तेरावा आटोपल्यावर मुरलीकृष्ण पुन्हा आला. या वेळी त्याच्या सोबत एक पन्नाशीचे गृहस्थ होते. शेजारचे वेंकटराव. पोराला एकटे सोडवेना म्हणून आले होते.

"माझं नाव लिहून घ्या," मुरलीकृष्ण म्हणाला. "बी पॉझिटिव्ह. अंबाला चाललं नाही, कोणाला तरी चालेल."

विशालाक्षीने खुर्ची पुढे केली आणि रीतीप्रमाणे वेंकटरावांनाही विचारले, "तुमचंही लिहूं का, अण्णा?"

"माझं अहे न्हवे तुमच्याकडे. चत्रांतल्या शिबिरांत दिलों मी." त्यांनी शर्टाच्या खिशातून मंडळाचे ओळखपत्र काढून टेबलावर ठेवले.

विशालाक्षीने ते उचलले. गुरुमूर्तीही जवळ आले. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिले होते, ओ निगेटिव्ह.

"असूं शकत नाही," गुरुमूर्ती हळूच म्हणाले. "मी एकेक नाव पाहिलों. चाळीस नावं. संपेपर्यंत पाहिलों."

चाळीस म्हणताच विशालाक्षीने ओळखपत्र खाली ठेवले. ती माझ्यासमोर बसली. तिने गट निवडला आणि माउस सोडून बाणाची कळ दाबत खाली गेली. चाळिसाव्या नावाशी पट्टी थांबली. तिने कळ पुन्हा दाबली. मग माउस धरून उजवीकडची पट्टी ओढली. नावे धडाधड आली. एकशे अडुसष्टावे नाव वेंकटरावांचे होते, आणि त्यापुढे त्यांच्या गल्लीचा पत्ता.

मुरलीकृष्ण तिच्या खांद्यामागून पाहत होता. त्याला इंग्रजी फारसे येत नसे, पण आपल्या गल्लीचे नाव कोणालाही वाचता येते.

"त्या दिवशी तुम्ही कुठें होतां, अण्णा?" त्याने वेंकटरावांना विचारले.

"घरींच," वेंकटराव म्हणाले. "नारळ उतरवायला माणूस आला होता. दिवसभर घरींच होतों रे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण लोक हसत हसत वापरतात. मला ती त्या दिवसापासून ऐकवत नाही. ओरत्तनाडूहून तंजावूरला बसने तासभर लागतो. वेंकटराव दुपारच्या आत दोनदा येऊन गेले असते.

"चूक माझी अहे," विशालाक्षी म्हणाली. ती मुरलीकृष्णकडे तोंड करून उभी राहिली होती, आणि तेवढे धैर्य मी नंतर फार थोड्या माणसांत पाहिले. "पट्टी ओढल्याशिवाय पुढचं येत नाही. मामांना बाणाची कळ मीच दाखवली. मामांची चूक नव्हे."

गुरुमूर्ती रिकाम्या खाटेच्या कडेला बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि आपल्या बोटांकडे पाहत राहिले.

मुरलीकृष्णने आरडाओरडा करावा, मला उचलून खाली आपटावे, असे मला फार वाटले. तसे काही झाले नाही. तो म्हणाला, "माझं नाव लिहा."

ती बसली. त्याने नाव, वय, पत्ता सांगितला. तिची बोटे तीनदा चुकली. नोंद पुरी झाली तेव्हा त्याने वाकून पडद्याकडे पाहिले.

"अक्का, उद्या कोणी शोधलं तर हें नाव दिसेल की?"

तो वेंकटरावांबरोबर पायऱ्या उतरून गेला.

विशालाक्षी त्या दिवशी जेवायला उठली नाही. संध्याकाळच्या आत तिने मला दोन गोष्टी शिकवल्या. कळीने उतरा नाही तर पट्टी ओढा, चाळिसावे नाव आले की पुढची चाळीस मी आपणहून आणू लागलो. आणि यादीच्या तळाशी एक लाल ओळ कायम दिसू लागली: दोनशे तेरांपैकी चाळीस दाखवली आहेत, अजून आहेत. फारच साधी ओळ. तिच्यासाठी ना जाड पुस्तक लागले ना दोन रविवार. उद्घाटनाच्या टाळ्यांआधीच ती तिथे असायला हवी होती.

पुढची चार वर्षे मी चोख काम केले. कोणी हार घातला नाही आणि मला तो नकोही होता. गुरुमूर्ती निवृत्त होईपर्यंत रोज येत. शेवटचे नाव आले आणि लाल ओळीने सगळी दाखवली असे सांगितले, तरी ते कळ आणखी दहा वेळा दाबत. मग विशालाक्षीला हाक मारत, "अम्मा, संपलें की?" ती आपले काम टाकून येई, पाही आणि सांगे, "संपलें, मामा." हे तिने एकदाही कंटाळून सांगितले नाही. पुढे तिला चेन्नईला मोठी नोकरी लागली. तिथे ती फार मोठ्या याद्यांवर काम करते म्हणतात. २००१ साली नवा संगणक आला आणि माझी रवानगी या खोलीत झाली. धूळ बसते, पाली फिरतात. तक्रार नाही. मला अडगळीत टाकल्याचे दुःख मी करत नाही, त्याहून मोठे माझ्यापाशी आहे.

तर मित्रांनो, मला पुसून ठेवा, जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. जपायचे ते माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाला. तुम्ही कधी असे काही बनवाल ज्याच्यापुढे घाबरलेला माणूस येऊन बसेल, तेव्हा त्याला भरभर द्या, थोडे थोडे द्या, पण जे दिले ते थोडे आहे हे त्याला सांगा. यादी हळू आली तर माणूस चिडतो, शिव्या देतो, पण समोरून हलत नाही. गुरुमूर्ती माझ्यापुढे सात सात मिनिटे बसून राहत, कुरकुरत का होईना. ज्या दिवशी मी दोन सेकंदांत उत्तर दिले, त्या दिवशी ते चाळिसाव्या नावावरून उठले.

अंबाची मुलगी आता शाळेत जाते, असे मागे कोणीतरी बोलताना मी ऐकले. तिच्या आईला हवे होते ते नाव मला ठाऊक होते, आणि ते मला कोणी विचारलेच नाही.